मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कमधून फाइली काढताना

जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला युगं लागतात, एखादा फोल्डर उघडला की सगळंच गोठतं, मधूनच निळा पडदा येतो. अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी पहिल्यांदा एकच सांगते: आधी बंद करा. रीस्टार्ट नको, शटडाउन. तेही होत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरा.

बिघडत चाललेल्या डिस्कमध्ये वाचनाची किती ताकद शिल्लक आहे हे कुणालाच सांगता येत नाही. जी काही असेल ती एकाच कामावर खर्चायची: सगळी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचून तिची प्रत दुसरीकडे उतरवायची. फाइली शोधणं, व्हायरस स्कॅन, दुरुस्ती, जे काही करावंसं वाटतंय ते सगळं नंतर त्या प्रतीवर करा. जीर्ण वहीचं पान एकदाच उलटायचं आणि उलटतानाच उतरवून घ्यायचं, तसा हा प्रकार आहे.

माझा धंदा डीटीपीचा. त्यामुळे माझ्यापुढे येतात त्या डिस्क बहुधा ४० किंवा ८० जीबीच्या, विंडोज एक्सपीवाल्या, पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या कामांनी भरलेल्या. पण पुढची रीत कुठल्याही फिरत्या हार्ड डिस्कला लागू पडते. एसएसडीचं तंत्र वेगळं, तिच्याबद्दल इथे बोलत नाही.

खरंच डिस्कच गेली आहे का?

पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते आणि मेलेलं असतं दुसरंच काही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की बायॉस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, सेटिंग विसरतो. तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाते, बूटचा क्रम बदलतो आणि पडद्यावर 'डिस्क सापडत नाही' असा संदेश येतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून डोकं वर काढतात, पॉवर सप्लाय थकतो, डेटा केबल सैल होते. म्हणून डिस्कला दोषी ठरवण्याआधी केबल बदलून बघा. पेटीच उघडायची आहे, तर फुगलेले कपॅसिटरही एका नजरेत दिसतात.

त्यानंतर कान द्या. चालू करताच डिस्क फिरण्याचा मऊ आवाज येऊन तो स्थिर झाला, तर आशा आहे. ठरावीक लयीत 'टक्, टक्, टक्' आणि मग शांतता, असं ऐकू आलं तर हेडला, म्हणजे आतल्या फिरत्या थाळीवरून डेटा वाचणाऱ्या भागाला, जागा सापडत नाहीये. वीज काढा आणि परत जोडू नका. खरवडल्यासारखा आवाज त्याहून वाईट, कारण त्यात हेड थाळीवर घासत असू शकतं आणि प्रत्येक फेरीत डेटाचा भुगा होतो. डिस्क अजिबात फिरत नाही, किंवा फिरते पण बायॉसमध्ये तिचं आकारमान शून्य दिसतं, तेव्हाही घरी करण्यासारखं काही नसतं.

अशा वेळी डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या, नसेल तर सोडून द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जो उपाय लोक हमखास सुचवतात, तो करू नका. बाहेर काढल्यावर थाळीवर दव धरतं. झाकण उघडून 'आत काय झालंय बघू' हेही नको. हेड आणि थाळी यांच्यातलं अंतर नॅनोमीटरमध्ये मोजतात, तिथे धुळीचा कण म्हणजे धोंडा. तसल्याच मॉडेलचा सर्किट बोर्ड आणून बसवायची युक्ती फार जुन्या डिस्कवर चालायची. पुढच्या डिस्कमध्ये त्या एकाच नगासाठी जुळवलेली माहिती बोर्डवरच्या चिपमध्ये असते, त्यामुळे नुसती अदलाबदल फुकट जाते.

काय करायचं नाही

एक्सपीच्या काळातली मशीन गडबडीनंतर सुरू झाली की निळ्या पडद्यावर 'डिस्क तपासायची आहे' म्हणते आणि दहा सेकंद उलटी मोजते. त्या दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं की तपासणी टळते. ती टाळाच. चेकडिस्क हे फाइलव्यवस्था सरळ करणारं साधन आहे, तुमच्या फाइली वाचवणारं नव्हे. ते डिस्कवर लिहितं, तुटलेल्या साखळ्या तोडून टाकतं आणि उरलेल्या तुकड्यांना 'फाउंड' नावाच्या फोल्डरात क्रमांक देऊन कोंबतं. ज्या फाइलीचं नाव तुम्हाला पाठ होतं तिला तिथे कसलं तरी आकड्यांचं नाव असतं.

लिहिण्यावर माझा एवढा राग का, तेही सांगते. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा कप्पा, वाचता आला नाही की डिस्क त्याची 'पेंडिंग' म्हणून नोंद करते. पुढे तो कधी वाचला गेला तर ठीक. पण त्याआधी त्यावर काही लिहिलं गेलं तर डिस्क तिथे नवा मजकूर टाकते, नाहीतर ती जागा कायमची बाद करून राखीव सेक्टर देते. दोन्हीत जुना मजकूर गेला. 'फॉरमॅट केल्यावर डिस्क सुधारली' म्हणणारे लोक भेटतात, त्यांनी हेच केलेलं असतं. डिस्क काढून दुसऱ्या विंडोजला जोडल्यावर 'वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' अशी खिडकी येते, तिथे रद्द करा म्हणजे करा.

जोडणी

डिस्क जुन्या मशीनमध्येच ठेवून काम करायचा मोह होतो. मी ती बाहेर काढून यूएसबी ॲडॉप्टरने दुसऱ्या, नव्या मशीनला जोडते. जुन्या मशीनची रॅम कमी, प्रोसेसर ३२ बिटचा, यूएसबी कूर्मगती, आणि पॉवर सप्लायचाही भरवसा नाही. आधी वायर काढा, पेटीच्या उघड्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल, मग स्क्रू.

रुंद चपटी ४० पिनांची पट्टी असेल तर डिस्क आयडीई. तिच्या मागे पिनांमध्ये एक छोटा जम्पर असतो. ॲडॉप्टरला जोडताना तो मास्टरवर ठेवा, जागांचा नकाशा डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो. लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला ४४ पिना असतात आणि वीजही त्यांतूनच मिळते. अरुंद, इंग्रजी 'एल'च्या आकाराची जोडणी असेल तर साटा. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. म्हणून ॲडॉप्टर स्वतःच्या वीजजोडणीसह घ्या. साटा डिस्क असेल आणि हाताशी डेस्कटॉप असेल, तर सरळ मदरबोर्डला लावणं सगळ्यांत चांगलं. स्वस्त यूएसबी ॲडॉप्टर खराब सेक्टर आला की भांबावतात आणि आख्खी डिस्क गायब करतात.

बाहेरच्या पेटीतल्या, यूएसबीवाल्या हार्ड डिस्कबाबत एक सावधगिरी. काही मॉडेलांमध्ये पेटीतला बोर्डच डेटा कूटबद्ध करून ठेवतो. डिस्क त्यातून काढून थेट जोडली तर नुसता कचरा दिसतो. तिथे मूळ बोर्ड टाकू नका.

ज्यावर प्रत उतरवायची ती डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी, आणि तिच्यावरची फाइलव्यवस्था फॅट ३२ नको, कारण त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि आपली प्रत म्हणजे एकच अजस्र फाइल असणार आहे. एनटीएफएस किंवा एक्सफॅट चालेल.

प्रत

इथे विंडोज बाजूला ठेवा. पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक फुकट आवृत्ती, टाका आणि 'ट्राय' निवडून त्यावरून मशीन सुरू करा. इन्स्टॉल करू नका. प्रत काढायला लागणाऱ्या प्रोग्रामचं नाव जीएनयू डीडीरेस्क्यू, लिहिणारे आंतोनियो दियाज दियाज. उबुंटूत त्याचं पॅकेज 'जीडीडीरेस्क्यू' या नावाने मिळतं. अगदी तसल्याच नावाचा, मधे जास्तीची रेघ असलेला डीडी_रेस्क्यू हा वेगळा प्रोग्राम आहे, त्याचे पर्याय इथे चालणार नाहीत.

आधी कुठली डिस्क कुठली ते ओळखा. 'एलएसबीएलके' ही कमांड सगळ्या डिस्कची यादी आकारासह देते. नुसत्या आकारावर विसंबू नका. मॉडेल आणि सिरियल नंबर मागवून घ्या आणि डिस्कच्या लेबलवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. डीडीरेस्क्यूच्या कमांडमध्ये आधी मूळ डिस्क येते, मग प्रत, मग मॅपफाइल, म्हणजे कामाच्या हिशेबाची फाइल. हा क्रम चुकला तर तुमच्या डेटावरच काही तरी लिहिलं जाण्याचा धोका असतो, म्हणून मी एंटर दाबण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचते. घरातले हसतात, हसू देत. मूळ डिस्क आपोआप माउंट झाली असेल, म्हणजे उबुंटूने तिच्यातल्या फाइली वापरासाठी उघडल्या असतील, तर ती अनमाउंट करा.

जमलं तर स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदी एकदा पाहून घ्या. उबुंटूत 'स्मार्टसीटीएल', विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो. भलीमोठी यादी येईल, तिच्यातल्या चारच ओळी बघा. ५ क्रमांकावर बदली दिलेले सेक्टर, १९७ वर पेंडिंग, १९८ वर न सुधारता येणारे, आणि १९९ वर केबलमधून येताना बिघडलेला डेटा. फक्त १९९ फुगलेला असेल तर हसा आणि केबल बदला. १९७ शेकड्यांत असेल तर वेळ न दवडता प्रतीला लागा. 'एकंदर तब्येत: उत्तीर्ण' या शेऱ्याला मी काडीची किंमत देत नाही, धडाधड सेक्टर गमावणाऱ्या डिस्कही तो मिरवत असतात.

डीडीरेस्क्यू दोन फेऱ्यांत चालवा. पहिल्या फेरीत 'एन' हा पर्याय द्या. मग तो हट्ट न करता जिथे अडलं ती जागा सोडून पुढे जातो आणि चांगला भाग आधी पदरात पाडतो. दुसऱ्या फेरीत 'एन' काढा, 'डी' लावा म्हणजे लिनक्सची मधली साठवण टाळून थेट वाचन होईल, आणि 'आर ३' द्या, म्हणजे खराब जागांवर तीनदा प्रयत्न. दोन्ही वेळा मॅपफाइल तीच. त्या साध्या मजकुराच्या फाइलीत कुठला भाग मिळाला, कुठला राहिला याचा हिशेब असतो. वीज गेली, डिस्क लटकली, तुम्हीच थांबवलं, तरी तीच कमांड परत दिली की काम अडलं होतं तिथून पुढे चालू होतं. मॅपफाइल पेनड्राइव्हवरच्या उबुंटूत ठेवू नका, मशीन बंद होताच ती जाईल. प्रतीशेजारीच ठेवा.

आता पडद्याकडे बघत बसायचं. 'रेस्क्यूड'चा आकडा सरसर वाढत असतो, खाली सध्याचा वेग. जुन्या यूएसबी २ मधून सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात. त्या हिशेबाने ८० जीबीला पाऊण तास, ५०० जीबीला साडेचार-पाच तास. मग अचानक वेग केबीत घसरतो, 'रीड एरर्स'चा आकडा हलतो, डिस्कमधून बारीक कुरकुर ऐकू येते. सगळ्यांत खालच्या बाजूला 'शेवटचं यशस्वी वाचन होऊन इतका वेळ झाला' अशी एक ओळ असते, तिच्यावर नजर ठेवा. ती सेकंदांत असेल तर डिस्क झगडतेय पण जिवंत आहे. मिनिटं उलटत गेली तर कंट्रोल-सी दाबून थांबवा, वीज काढा, डिस्क गार होऊ द्या. हाताला चटका बसेल इतकी तापली असेल तर साधा पंखा तिच्यावर रोखा. परत सुरू करताना मोठ्या 'आर'चा पर्याय देऊन उलट दिशेने, शेवटाकडून वाचायला सांगा. पुढून जाताना ज्या पट्ट्यावर डिस्क अडते, त्याच्या पलीकडचा भाग मागून येताना बरेचदा विनासायास मिळतो.

९९ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर उरलेल्या काही एमबींसाठी रात्रभर झटायचं की नाही, हा तुमचा निर्णय. उरलेल्या जागेत एखाद्या गाण्याचा तुकडा असू शकतो, नाहीतर सगळ्या फाइलींची सूची. मी एक रात्र देते, त्यापुढे नाही.

आधी सगळ्या डिस्कची प्रत, या नियमाला अपवाद एकच. डिस्क अजून नीट माउंट होते आणि खरोखर एकच लहानसा फोल्डर हवा आहे, बाकीचं गेलं तरी चालेल, तर वाचन-मात्र पद्धतीने माउंट करून तेवढाच उचला. 'एकच फोल्डर' म्हणता म्हणता यादी लांबायला लागली तर थांबा आणि प्रतीकडे वळा. सुट्या फाइली उचलताना हेड थाळीभर उड्या मारतं, सलग वाचनापेक्षा त्यात ते जास्त झिजतं.

प्रतीतून फाइली

प्रत झाली की मूळ डिस्क काढून ठेवा. प्रतीचीही आणखी एक प्रत करा, पुढचे प्रयोग तिच्यावर. उबुंटूत त्या फाइलीवर राइट क्लिक करून 'डिस्क इमेज माउंटर'ने उघडली तर ती वाचन-मात्र उघडते. विंडोजवर सेव्हन-झिपसुद्धा अशी प्रत उघडून दाखवतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

सगळं दिसलं तर काम सोपं. एक्सपीत माणसांच्या फाइली 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये, व्हिस्टापासून पुढे 'यूजर्स'मध्ये. डेस्कटॉप विसरू नका, लोकांचं निम्मं आयुष्य तिथेच असतं. आउटलुक एक्सप्रेसची पत्रं डीबीएक्स फाइलींत आणि आउटलुकची पीएसटीत असतात, आणि दोन्ही लपवलेल्या फोल्डरांत. म्हणून लपलेल्या फाइली दाखवा हा पर्याय चालू ठेवा.

मराठी काम असेल तर 'विंडोज'मधला 'फॉन्ट्स' हा फोल्डर आख्खा उचला. श्रीलिपी, शिवाजी असल्या युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेली फाइल फॉन्टशिवाय उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली. फाइल धडधाकट असते. तोच फॉन्ट, त्याच आवृत्तीचा बसवला की मजकूर जागच्या जागी येतो. पेजमेकरचं आणखी एक: पानावरचे फोटो पुष्कळदा फाइलीत नसतात, नुसता त्यांचा पत्ता असतो. म्हणून एकटी फाइल उचलून भागत नाही, फोल्डरांची मांडणी जशीच्या तशी यायला हवी.

प्रत उघडलीच नाही, किंवा विभाजन (पार्टिशन) रिकामं दिसलं, तर टेस्टडिस्क हा प्रोग्राम. हरवलेली विभाजनं तो शोधतो आणि आतल्या फाइलींची यादी दाखवून त्या दुसरीकडे उतरवूही देतो, नावं आणि फोल्डर शाबूत ठेवून. तोही हरला तर टेस्टडिस्क लिहिणाऱ्या क्रिस्तोफ ग्रेनिये यांचाच फोटोरेक. तो फाइलव्यवस्थेकडे पाहतच नाही. नुसते बाइट चाळत जातो आणि ओळखीची सुरुवात दिसली की फाइल उचलतो. जेपेगची सुरुवात नेहमी ठरावीक बाइटांनी होते, त्यावरून फोटो सापडतात. मात्र नावं, तारखा, फोल्डर सगळं जातं, आणि ब्राउझरने साठवलेली हजारो बारकी चित्रंही गोळा होतात. घरच्या फोटोंसाठी फोटोरेक फार गुणाचा. माझ्या धंद्यातल्या फाइलींसाठी मात्र शेवटचा इलाज, कारण पत्तेच हरवल्यावर पानं जुळत नाहीत.

कुठली फाइल फुटली?

फाइल उघडली म्हणजे ती पूर्ण आहे असं नसतं. जे सेक्टर वाचले गेले नाहीत त्या जागी प्रतीत शून्यं असतात. फोटो अर्धा राखाडी होतो, हिशेबाच्या फाइलीत मात्र भोक दिसतही नाही. यावर डीडीरेस्क्यूतच तोड आहे आणि ती मला फार आवडते. 'फिल मोड' हा पर्याय वापरून मॅपफाइलप्रमाणे फक्त न वाचल्या गेलेल्या जागांत एखादा खुणेचा शब्द भरता येतो, असा शब्द जो एरवी कुठल्याच फाइलीत येणार नाही. हे दुसऱ्या प्रतीवर करा, मग ती माउंट करून 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या कमांडने तो शब्द सगळ्या फाइलींत शोधा. ज्यांत सापडेल त्या फुटलेल्या. पुष्कळदा यादीत निघतात त्या विंडोजच्याच फाइली, आणि जीव भांड्यात पडतो. तुमची एखादी निघाली तर तिची जुनी आवृत्ती, मेलने पाठवलेली प्रत, छापलेला कागद कुठे आहे ते आत्ताच शोधा, आठवण ताजी आहे तोवर.

मूळ डिस्क महिनाभर तरी फेकू नका. फाइली वापरताना काही राहिल्याचं लक्षात येतं, आणि मॅपफाइल हाताशी असेल तर आणखी एक फेरी करता येते. तोवर तिच्या लेबलवर मार्करने 'खराब, लिहू नये' असं ठळक लिहा, तारीख घाला आणि दोऱ्याने जम्पर किंवा केबल तिलाच बांधून ठेवा. नाहीतर घरातलं कुणी तरी 'चांगली ८० जीबीची डिस्क पडून आहे' म्हणून फॉरमॅट मारतं, ती काही दिवस गुण्यागोविंदाने चालते, आणि मग त्यात नव्या फाइली भरल्या जातात.